टोपीवाल्याचं डुक्कर

देवघरात डुक्कर होतं. शनिवारची सकाळ होती. अंघोळ करून मी नेहमीसारखा अर्ध्या लक्षाने हात जोडायला उभा राहिलो, आणि बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध, कुंकवाचं बोट लावलेलं, लखलखीत तांब्याचं डुक्कर माझ्याकडे बघत होतं. डोक्यावर टोपी, तोंडाशी पाव. ब्रिस्टलजवळच्या ब्रॅडली स्टोकमधल्या आमच्या घरात देवघर म्हणजे जिन्याखालच्या कपाटाचा वरचा कप्पा. खालच्या कप्प्यात हूव्हर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, आणि आमच्या लेकीची, सियाची, रोलर स्केट्स. दिवा बॅटरीचा, कारण खरी ज्योत लावली की स्मोक अलार्म बोंबलतो. त्या पिवळ्या उजेडात डुक्कर असं काही झळकत होतं की क्षणभर मला ते आवडलंच. मग ते कोणतं डुक्कर आहे हे डोक्यात शिरलं. ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून मी बेडरूममध्ये धावलो, मोज्यांचा ड्रॉवर उपसला. पुठ्ठ्याची छोटी डबी होती, डबीत कापूस होता, कापसात नाण्याएवढा गोल खळगा होता, रिकामा. दुपारी मला ते टोकन बेडमिन्स्टरच्या चॅपल हॉलमध्ये पंधरा-वीस माणसांसमोर दाखवायचं होतं, आणि त्याची मालकीण पहिल्या रांगेत बसणार होती.

टोकन म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या घाबरण्याचा अर्थ लागायचा नाही. जॉर्ज राजांच्या काळात या देशात चिल्लरीचा दुष्काळ पडला होता. सरकारी टांकसाळीला तांब्याची क्षुद्र नाणी पाडण्यात रस नव्हता; तिचं लक्ष सोन्याकडे. पण मजुराला आठवड्याची मजुरी सोन्यात देता येत नाही, आणि पाव घ्यायला आलेल्या बाईला गिनीची मोड देता येत नाही. मग खाणवाल्यांनी, गिरणीवाल्यांनी, साध्या वाण्यांनीसुद्धा तांब्याचे अर्ध्या पेनीचे तुकडे स्वतःच पाडून घेतले. त्यावर दुकानाचं नाव, पत्ता, एखादं चित्र. लोक घेतात म्हटल्यावर ते चाललं. आणि एकदा तांबं हातोहात फिरतंय म्हटल्यावर काही बिलंदरांच्या डोक्यात आलं की यावर नुसती जाहिरात कशाला, मतच छापू. पत्रक जप्त करता येतं, छापखान्याला कुलूप लावता येतं, सभा उधळता येते. खिशातली चिल्लर कोण कशी जप्त करणार? पेपर न परवडणाऱ्याच्या हातात ती जाते, अक्षरओळख नसलेल्याच्या हातात जाते. सरकारी शिपायाच्याही खिशात जाते, तो तिच्यावर बिअर पितो आणि सरकारविरुद्धचा मजकूर आपल्याच हाताने पुढच्याला देऊन मोकळा होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकटाच मोठ्याने हसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. मी लगेच गप्प झालो, कारण मी तसा गप्प होणाराच माणूस आहे.

आयझॅक ट्रेहर्न गप्प होणारा नव्हता. ब्रिस्टलमधला टोपीवाला. त्या काळात एका मोठ्या मुत्सद्द्याने आपल्या पुस्तकात सामान्य लोकांना डुकरांचा कळप म्हटलं होतं, आणि तो शब्द देशभर लोकांच्या जिव्हारी लागला होता. ट्रेहर्नने तोच शब्द उचलला. डुक्कर म्हणता काय, बरं, असं म्हणून टोकनवर डुक्करच काढलं, आणि टोपीवालाच तो, डुकराला टोपी घातली. साधी टोपी नाही. फ्रान्समधले क्रांतीवाले घालायचे तसली, म्हणजे इथल्या सरकारच्या डोळ्यात बोटच. पाव महाग झालेलं साल, म्हणून डुकराच्या तोंडाशी पाव. मागच्या बाजूला एवढंच, की कळप तो आम्हीच. आणि कडेवर, त्या दोन मिलिमीटर जाडीत, गोल फिरवलेलं वाक्य: आयझॅक ट्रेहर्न, टोपीवाला, ब्रिस्टल, यांच्या दुकानी वटेल. माझा जीव अडकतो तो या कडेपाशी. मी विमानांच्या पंखांचं स्ट्रेस ॲनालिसिस करतो, कडा बघणं हा माझा धंदाच आहे, कारण भेग पडते ती बहुधा कडेपासून. पण असली कड मी पाहिली नव्हती. राजाच्या सरकारला डिवचणाऱ्या मजकुराखाली शहाणा माणूस सही करत नाही. हा गडी दुकानाचा पत्ता देतो. पकडायला या, दुकान सकाळपासून उघडंच असतं. आणि आले ते. त्याला तुरुंगात टाकलं, दुकानाच्या काचा फोडल्या, गिऱ्हाईक तुटलं. सुटून आल्यावर त्याने त्याच जागी पुन्हा टोप्या विकल्या म्हणतात. या माणसाबद्दल मला जे वाटतं त्याला आदर हा शब्द थोडा पडतो. मला तो हवाहवासा वाटतो. अडचणीच्या मीटिंगमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसायला हवा होता असं वाटतं.

आमच्या घरात अपमान गिळायची रीत होती. बाबा नागपूरला पाटबंधारे खात्यात होते. एकदा त्यांच्या साहेबाने भर ऑफिसात, सगळ्या टेबलांसमोर, त्यांना गाढव म्हटलेलं मी ऐकलं. कॉलेजच्या फीच्या पावतीवर सही घ्यायला गेलो होतो, दारातच उभा होतो. बाबांनी फाईल उचलली, साहेबाच्या शाईच्या दौतीकडे बघितलं आणि हो सर म्हणाले. स्कूटरवर धरमपेठेतून घरी येताना, सिग्नलला थांबल्यावर, मागे न वळता म्हणाले, "ऐकलं नाही असं समजायचं." बस. मीही तेच समजत आलो. फिल्टनच्या पबमध्ये एकजण माझ्या उच्चारांची नक्कल करतो तेव्हा मी सगळ्यांबरोबर हसतो, शिवाय पुढचा राउंड मीच घेतो. बाबा वाईट नव्हते, भित्रेही नव्हते म्हणा. त्यांना दोन पोरींची लग्नं करायची होती. पण ट्रेहर्नबद्दल वाचताना दर वेळी मला तो सिग्नल आठवतो आणि वाटतं, बाबांनी एखादं गाढव का नाही काढलं? तांब्यावर नाही तर निदान फाईलच्या कोपऱ्यात?

ते टोकन मिस ट्रेहर्न यांचं होतं. आयझॅकच्या वंशातल्या या शेवटच्या. वय त्र्याऐंशी, एका प्रायमरी स्कूलच्या हेडमिस्ट्रेस होत्या, पाठीचा कणा अजून असेंब्लीला उभ्या असल्यासारखा. आमच्या टोकनवाल्या मंडळाच्या त्या सेक्रेटरी, मंडळ म्हणजे मी सोडून सगळे पांढऱ्या केसांचे. चार वर्षं मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. शेवटी त्यांनीच फर्मान काढलं, मिस्टर हरकरे, आता तुम्ही बोलायचं. आणि पंधरा दिवसांपूर्वी, फोटो काढायला, वजन करायला म्हणून, डबी माझ्या हातात दिली. त्यांच्या घराण्यात दोनशे वर्षं जपलेली ही एकच प्रत. देताना एवढंच म्हणाल्या, "कडेने धरा." ते मला सांगायची गरज नव्हती. जुन्या तांब्याला जो गडद तपकिरी रंग चढतो, चेस्टनटसारखा, तेच त्याचं वय आणि तीच त्याची अब्रू. संग्राहक त्याला नुसतं बोटही लावत नाहीत. पुसणं म्हणजे खून. आणि घासणं या शब्दाला आमच्या मंडळात प्रतिशब्दसुद्धा नाही, कारण तसं कुणी करत असेल ही कल्पनाच तिथे पोचलेली नाही.

आई किचनमध्ये मेथी निवडत होती. तिला येऊन दोन महिने झाले होते, आणि या दोन महिन्यांत माझ्या घरातलं एकूणएक तांबं आणि पितळ तिच्या हाताखालून गेलं होतं. स्टेपलटन रोडवरच्या दुकानातून चिंचेची वडी आणायला तिने मला आल्या आठवड्यातच पाठवलं होतं. सिंकपाशी बसायला पाट नाही म्हणून कुरकुरत, उभ्याने, ती तांब्या-ताम्हण चिंच-मिठाने उजळायची. तेवढा वेळ ती कुणाची पाहुणी नसायची. मला ते दिसायचं, आणि बरंही वाटायचं.

"आई, हे देवघरात कोणी ठेवलं?"

"मी. दुसरं कोण ठेवणार? तुझ्या बायकोला त्या कपाटात फक्त हूव्हर दिसतो." तिने मान वर केली. "आणि तूच सांग परीक्षित, वराह मोज्यांत ठेवतात का रे?"

"कोण वराह?"

"अरे, तिसरा अवतार! डोक्यावर मुकुट आहे, सुळ्यावर पृथ्वी धरलीय. आपल्याकडे दक्षिणेत वराहाची नाणी होतीच की पूर्वी. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं पोरगं एवढ्या लांब येऊन मिळवून आणतं, आणि ठेवतं कुठे? मोज्यांत!"

टेबलाशी सीरियल खात असलेली सिया म्हणाली, "बाबा, मी आजीला सांगितला होता. इट्स अ पिग."

"कशाने घासलंस?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

"चिंचेने, काल, एकादशी होती ना. इतका काळा पडला होता बिचारा, दोनदा घासावा लागला."

मी खुर्चीत बसलो. मला ओरडायचं होतं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, हसायला येत होतं. तिची चूक किती पद्धतशीर होती! टोपीचा मुकुट झाला, पावाची पृथ्वी झाली. माझ्या मंडळातल्या कुणालाही हे सुचलं नसतं, आणि नागपुरातल्या कुठल्याही बाईला दुसरं काही सुचलं नसतं. मी तिला सगळं सांगितलं, तुटक तुटक: की तो देव नाही, की लोकांना डुक्कर म्हटलं होतं म्हणून एका टोपीवाल्याने ते काढलं, की काळेपणा हीच त्याची किंमत होती, आणि की ते माझं नाही. मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. डुक्कर देव नाही याचं तिला फारसं काही वाटलं नाही. "दुसऱ्याची वस्तू?" एवढंच तिने विचारलं. आणि मग, "मला आधी का नाही सांगितलंस?" परवापर्यंत मी रोज रात्री जेवण झालं की त्या डबीशी बसायचो, भिंगातून बघायचो, आई समोर सोफ्यावर बसून माझ्याकडे बघायची, आणि तिला यातलं काय कळणार म्हणून मी तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

मी लगेच एक गोष्ट रचायला घेतली. सांगेन की मीच साफ केलं. इंजिनिअर माणूस, अतिशहाणपणा केला, ॲसिडमध्ये बुडवलं. मिस ट्रेहर्न मला मंडळातून काढतील, काढू देत. निदान प्रकरण माझ्यापाशी संपेल. आईचं नाव येणार नाही. हे मी स्वतःला आईसाठी म्हणून सांगत होतो, आणि ते खरं नव्हतं. मला त्या हॉलमधलं हसू दिसत होतं. मोठ्याने हसणार नव्हते, इंग्रज माणसं ती. ओठ मिटून, खाली बघून, सौजन्याने हसली असती. डुकराला देव समजून पूजा करणारी बाई. आणि तिचा मुलगा. मला माझ्या आईची लाज वाटत होती. सत्तरी ओलांडलेल्या, दुसऱ्याच्या देशात उभ्याने तांबं घासणाऱ्या आईची. हे मनात स्पष्ट उमटलं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि मी उगाचच किटली चालू केली.

"तू काय सांगणार त्या बाईंना?" आईने विचारलं.

"माझ्या हातून झालं म्हणून."

"खोटं कशाला? हात माझे लागलेत. माझं नाव घेऊन सांग. रेखा वामन हरकरे म्हणावं, नागपूर. आणि मी येते बरोबर."

"तुला तिथे काही कळणार नाही गं, सगळं इंग्लिशमध्ये आहे."

"रागावलेली बाई कळायला इंग्लिश लागत नाही," ती म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

माझी बायको वैभवी गाडी घेऊन सियाला स्विमिंगला नेणार होती, आम्हाला मेट्रोबस गाठायची होती. उशीर होत होता आणि आई देवघरासमोर उभी. तळहातावर अक्षता घेऊन तिने त्या टोकनवर वाहिल्या, बोटाने ते किंचित हलवलं आणि मगच उचलून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, आता कशाला, सांगितलं ना तुला. ती म्हणाली, बसवलाय तर रीतसर उठवायला नको? मी ते कुंकवासकट कापसात ठेवलं. पुसायची माझी हिंमत झाली नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली, वैभवीचा लांब कोट, त्याखाली इरकली साडी, पायात स्पोर्ट्स शूज. मोटरवेच्या पुलापाशी तिने विचारलं, "पुढे काय झालं त्या टोपीवाल्याचं?" मी सांगत गेलो. वीस मिनिटं सांगितलं असेल. हॉलमध्ये बोलायचं म्हणून जे इंग्लिशमध्ये घोटलं होतं ते मराठीत येताना वेगळंच होत होतं, माणूस जवळ येत होता. चिल्लर, पाव, शिपायाची बिअर. शिपायाशी ती खुदकन हसली. तुरुंगाशी आल्यावर म्हणाली, "बायको होती ना त्याला?"

"असणार. नाहीतर मिस ट्रेहर्न कुठून आल्या?"

"मग तो आत असताना टोप्या तीच करत असेल. फुटलेल्या काचा तिनेच गोळा केल्या असतील." मग म्हणाली, "आणि तिलाही बाहेर लोक डुकरीणच म्हणत असतील."

चार वर्षं मी या माणसाच्या मागे आहे, आर्काइव्हमध्ये बसलोय, त्याच्या दुकानाच्या जागी आता काय आहे ते बघून आलोय. ती बाई माझ्या एकदाही मनात आली नव्हती. बस सेंटरला थांबली, माणसं चढली-उतरली. आई काचेतून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी ओळखीचं आठवत असल्यासारखं काही होतं.

हॉलमध्ये नेहमीचा वास होता, जुन्या लाकडाचा आणि हीटरवर तापलेल्या धुळीचा. मिस ट्रेहर्न पहिल्या रांगेत, निळं कार्डिगन, मांडीवर पर्स. आई शेवटच्या रांगेत बसली, एकटी. मी उभा राहिलो. पहिली स्लाइड म्हणजे टोकनचा जुना फोटो, चेस्टनटी रंगाचा, आणि टेबलावर डबी बंद. ॲसिडची गोष्ट जिभेच्या टोकावर होती, सोपी, तयार. मी डबी उघडली. त्यातला उजेड पहिल्या रांगेपर्यंत गेला असणार, कारण कुणीतरी श्वास आत ओढलेला ऐकू आला. "सुरुवात करण्याआधी," मी म्हणालो, "हे टोकन घासलं गेलं आहे. चिंच आणि मिठाने. ते माझ्या आईने घासलं. तिचं नाव रेखा वामन हरकरे, ती मागे बसली आहे. तिला वाटलं की हे डुक्कर म्हणजे देव आहे. आमच्याकडे एक देव तसा आहे. तिने ते देवघरात ठेवलं आणि त्याची पूजा केली. मी तिला हे टोकन काय आहे ते सांगितलं नव्हतं, कारण तिला कळणार नाही असं मी धरून चाललो होतो." माझा आवाज चांगला नव्हता, पण वाक्यं पूर्ण झाली. डावीकडून एक हसू आलं, मी कल्पिलं होतं तसंच, ओठांमागचं. बाकी कुणी हसलं नाही. मिस ट्रेहर्न उठल्या, टेबलापाशी आल्या. कडेने नाही, सरळ दोन बोटांत त्यांनी ते उचललं, उजेडात धरलं, कुंकवाचा ठिपका बघितला.

"खेळण्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. अगदी हळू. मग टोकन घेऊन, ताठ कण्याने, त्या हॉलमागच्या किचनमध्ये निघून गेल्या आणि दार लागलं.

मला तिथेच थांबायचं होतं, प्रोजेक्टर बंद करायचा होता, घरी जायचं होतं. पण वीसेक माणसं माझ्याकडे बघत होती, आणि तोंडाशी टोपीवाला आलेला होता. मी बोललो. लिहून आणलेलं बाजूला ठेवलं, बसमध्ये सांगितलं होतं तेच सांगितलं, त्या फुटलेल्या काचांसकट, त्या काचा गोळा करणाऱ्या बाईसकट. कडेवरचा पत्ता मी दोनदा वाचून दाखवला. बोलता बोलता शेवटच्या रांगेकडे पाहिलं तर आईची खुर्ची रिकामी होती.

टाळ्या संपल्या तसा मी किचनमध्ये गेलो. आई सिंकपाशी कपबशा धुत होती आणि मिस ट्रेहर्न टी-टॉवेलने पुसत होत्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. टोकन सिंकशेजारच्या ड्रेनिंग बोर्डवर, दोघींच्या मध्ये.

"मला धुवू देत नाहीयेत या," मिस ट्रेहर्न म्हणाल्या. मग हातातली बशी खाली ठेवली. "मिस्टर हरकरे, तुमच्या आईंना सांगा की मी फार संतापले आहे. माझे वडील गेले तेव्हा हे त्यांच्या उशाखाली होतं. त्याचा जो रंग होता ना, तो माझ्या वडिलांच्या, आजोबांच्या, त्यांच्याही आजोबांच्या बोटांनी आलेला होता. तो आता गेला. सांगा त्यांना. मवाळ करून सांगू नका."

मी मवाळ करून सांगितलं नाही. एकेक वाक्य जसंच्या तसं आईसमोर ठेवलं, उशीसुद्धा. आईने नळ बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला. "त्यांना सांग, चूक झाली," ती म्हणाली. "माहीत नव्हतं हे खरं, पण चूक ती चूकच. त्यांच्या वाडवडिलांचे हात मी घासून काढले." मी सांगितलं. मिस ट्रेहर्न यांनी मान हलवली. माफीची नव्हे, पोचल्याची. त्यांनी टोकन उचलून तळहातावर घेतलं, म्हणाल्या, "आणि अजूनही त्यांना हा देव वाटतो का?"

मी ते विचारायच्या आतच आईने पदराला हात पुसले, पुढे वाकून त्या तळहातावरच्या डुकराला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, सांगितलं ना तुला, तो देव नाही. साधी माणसं होती ती. पाव मिळत नव्हता अशी."

"कळलंय रे मला. बसमध्येच कळलं," आई म्हणाली. "नमस्कार त्यांनाच केला."

"काय म्हणाल्या?" मिस ट्रेहर्न यांनी विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी टी-टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाहेर हॉलमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. "तुम्ही आत्ता तिथे म्हणालात की आमच्या घराण्याने हे दोनशे वर्षं जपलं," त्या म्हणाल्या. "दाराआडून ऐकत होते मी. जपलं नाही. लपवलं. तुरुंगात गेलेला पूर्वज होता तो. माझी आजी रविवारी पाहुणे येणार असले की डबी कोळशाच्या कोठीत ठेवायची. डुक्कर दिसू नये म्हणून. वडिलांनी उशाखाली ठेवलं तेही कुणी बघू नये म्हणूनच." त्यांचा आवाज फुटला आणि त्या त्याच्यावरही रागावल्या असाव्यात, कारण पुढचं वाक्य हेडमिस्ट्रेसचं होतं. "माझा राग गेलेला नाही. हेही सांगा."

मी सांगितलं. "कसा जाईल?" आई म्हणाली, आणि हे सांगायची वेळ आली नाही, कारण मिस ट्रेहर्न यांनी तिचा ओला हात ओढून टोकन त्यात ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. स्वतःचा सुरकुतलेला हात वरून दाबून धरला. बराच वेळ. मग ते परत घेतलं आणि त्या हॉलमध्ये गेल्या, आम्ही मागोमाग. दाराशी उभ्या असलेल्या पहिल्याच माणसाच्या हातात त्यांनी ते ठेवलं. तो जुना संग्राहक. त्याची बोटं सवयीने कडेकडे गेली. "कडेने नको," त्या म्हणाल्या, "मुठीत धरा. आणि पुढे द्या." तो गोंधळला, पण त्याने धरलं, पुढे दिलं. मघाशी हसलेल्या माणसाकडे ते आलं. त्याने बोटाला लागलेलं कुंकू बघितलं, काय करावं त्याला कळेना, त्याने मूठ मिटली. आई माझ्या दंडाला धरून बघत होती, या हातातून त्या हातात, डुक्कर मधेच चमकायचं आणि मधेच नाहीसं व्हायचं. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याचा हात घामाने ओला होता, त्याला संकोच वाटला असावा, त्याने खिशातून रुमाल काढून ते टिपायला घेतलं.

"पुसू नका!" मिस ट्रेहर्न तिकडून ओरडल्या. "लागू दे."